परदेशी शिक्षणाचा खर्च : माहितीपत्रकाबाहेरचा हिशेब

‘नीट’चा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियातील आणि नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगर परिसरातील फलक बदलू लागतात. गुणवंतांच्या छायाचित्रांशेजारी ‘परदेशात एमबीबीएस’, ‘जर्मनीत मोफत शिक्षण’, ‘आयईएलटीएसशिवाय प्रवेश’ अशा पाट्या झळकतात. मंगल कार्यालयांतून, हॉटेलांच्या सभागृहांतून मार्गदर्शन मेळावे भरतात. त्या मेळाव्यांत पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : एकूण किती लागतील? आणि उत्तरही ठरलेले असते. एक गोल आकडा, ‘पॅकेज’ या नावाने.

हा गोल आकडा सहसा खोटा नसतो. पण तो अपुरा असतो. त्यात शिक्षण शुल्क असते, कधी वसतिगृह असते. रुपयाच्या घसरणीचा खर्च, कर्जावरील व्याज, पदवीनंतरच्या परीक्षेत जाणारी वर्षे आणि मधेच परतावे लागल्यास होणारे नुकसान त्यात नसते. शहरी नोकरदार कुटुंबाला ही तफावत बचतीतून भरून काढता येते. मराठवाड्यातील बहुसंख्य कुटुंबांची बचत मात्र शेतजमिनीत असते. तेथे तफावत भरून काढणे म्हणजे शेत विकणे. म्हणून हा हिशेब अर्ज भरण्यापूर्वी, कागदावर आणि शेवटच्या वर्षापर्यंत मांडणे आवश्यक ठरते.

मुक्कामी पोहोचण्यापूर्वी

पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, ही या प्रवासातील सर्वांत स्वस्त बाब. त्यानंतर इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेतील काही अभ्यासक्रमांसाठी ‘जीआरई’, प्रत्येक विद्यापीठाचे स्वतंत्र अर्ज शुल्क, गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती असा खर्च सुरू होतो. पाच-सहा विद्यापीठांना अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रवेश मिळण्यापूर्वीच लाखभर रुपये सहज खर्च होतात. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ प्रमाणपत्र बंधनकारक झाले. त्यासाठी १८,००० रुपये शुल्क ठरविण्यात आले. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी १८५ डॉलर आणि ‘सेव्हिस’ नोंदणीचे ३५० डॉलर वेगळे. ही रक्कम व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. सेव्हिसची नोंदणी मात्र काही काळ पुढील अर्जासाठी ग्राह्य धरली जाते.

प्रवासखर्चाकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. व्हिसाची मुलाखत व बोटांचे ठसे यासाठी मुंबईला दोन खेपा झाल्या, सोबत वडील किंवा मामा असले आणि एक रात्र लॉजवर काढावी लागली की खर्च वाढतो. नांदेडकरांना हैदराबाद जवळ आहे आणि तेथेही अमेरिकेचा वाणिज्य दूतावास आहे, ही सोय ध्यानात ठेवावी. लातूरकरांना रात्रीची मुंबई गाडी बरी.

राहण्याची रक्कम आधीच दाखवावी लागते

प्रत्येक देश विद्यार्थ्याकडे राहण्या-जेवण्याचे पैसे आहेत की नाही, याचा पुरावा मागतो. हा आकडा त्या सरकारनेच जाहीर केलेला असल्याने एजंटच्या आकड्यापेक्षा तो अधिक विश्वासार्ह समजावा. जर्मनीच्या ‘ब्लॉक्ड’ खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. ती दरमहा ९९२ युरोप्रमाणे विद्यार्थ्याला परत मिळते, म्हणजे खर्चालाच वापरता येते. पण ती पहिल्या दिवशी एकरकमी उभी करावी लागते. कॅनडाने एकट्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम १ जानेवारी २०२४ रोजी २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली. शिक्षण शुल्क व विमानभाडे याव्यतिरिक्त. ऑस्ट्रेलियाने मे २०२४ मध्ये २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड भरावे लागतात आणि तेही व्हिसाच्या अर्जाबरोबर, संपूर्ण कालावधीचे.

जर्मनीतील ‘मोफत’ शिक्षणाविषयी दोन शब्द. तेथील बहुतांश सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत, हे खरे. परंतु सत्राचे अंशदान, आरोग्य विमा आणि घरभाडे चुकत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो आकारण्यास सुरुवात केली, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून तोच मार्ग धरला. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून किंवा लातूरच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन जर्मनीकडे वळणाऱ्यांनी राज्याचे व विद्यापीठाचे नाव पाहूनच हिशेब करावा.

अमेरिकेतील विद्यापीठ प्रवेशानंतर ‘आय-२०’ हा कागद पाठवते. त्यावर वर्षाचे शुल्क, राहण्याचा खर्च, विमा अशा रकमा स्वतंत्र छापलेल्या असतात. पालकांनी एजंटच्या कोष्टकाऐवजी हा कागद वाचावा. तो इंग्रजीत असला तरी आकडे सर्वांना कळतात.

‘तिकडे गेल्यावर काम करून शुल्क निघते’ हे वाक्य मात्र प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते, आणि ते निखालस दिशाभूल करणारे आहे. सत्र सुरू असताना ब्रिटनमध्ये आठवड्याला २० तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस एवढीच कामाची मुभा असते. अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारातच २० तास. त्यातून किराणा व भाड्याचा काही भाग निघू शकतो. शुल्क निघत नाही. मर्यादेबाहेर काम केल्यास व्हिसाच धोक्यात येतो.

डॉलर थांबत नाही

जानेवारी २००८ मध्ये एक डॉलर सुमारे ४० रुपयांना मिळत होता. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याने ६८ गाठले, जुलै २०२२ मध्ये ८० ओलांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ९०. शुल्क एका पैशाने न वाढताही खर्च कसा वाढतो, हे यावरून दिसते. समजा, एखाद्या विद्यार्थ्याचे शुल्क, वसतिगृह व जेवण मिळून वर्षाला ६,००० डॉलर लागतात आणि अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे. म्हणजे ३६,००० डॉलर. ७० रुपयांच्या दराने ते २५ लाख २० हजार होतात. ९० रुपयांच्या दराने ३२ लाख ४० हजार. मधले सात लाख वीस हजार कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसतात. दर कोठे जाईल हे कोणीच सांगू शकत नाही, परंतु दरवर्षी तीन-चार टक्के वाढ गृहीत धरून हिशेब करणे शहाणपणाचे.

शंभर वर्षांपूर्वी बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही हीच चणचण सोसावी लागली होती. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. मोबदल्यात संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार होता. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून जमविलेली शिल्लक, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांनी लिहिलेला आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रबंध रुपयाच्या चलनाविषयीच होता, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

एमबीबीएसचे गणित

लातूर-नांदेडमध्ये परदेशी शिक्षण म्हटले की सर्वाधिक चर्चा वैद्यकीय अभ्यासक्रमाची होते. कारण उघड आहे. ‘लातूर पॅटर्न’ने आणि नांदेडच्या शिकवण्यांनी या दोन शहरांत हजारो विद्यार्थी ‘नीट’च्या वाटेवर आणले, सरकारी महाविद्यालयातील जागा त्या प्रमाणात नाहीत आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क आवाक्याबाहेर. थोडक्या गुणांनी हुकलेल्या मुलासमोर रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स हे पर्याय ठेवले जातात. या पर्यायांत गैर काही नाही. तेथून शिकून आलेले आणि उत्तम रुग्णसेवा करणारे डॉक्टर मराठवाड्यात आहेत. गैर आहे ते अर्धवट हिशेबात.

नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा; त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण व्हायला हवी; त्या देशात व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्यास ती पदवी पात्र हवी; आणि सारे शिक्षण प्रवेशापासून दहा वर्षांत पूर्ण व्हायला हवे. ‘नीट’ उत्तीर्ण असणे २०१८ पासून अनिवार्य आहे. भारतात परतल्यावर ‘एफएमजीई’ ही पात्रता परीक्षा : ३०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास १५०. त्यानंतर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि मगच कायम नोंदणी.

ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि बहुतेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत राहत आले आहे. म्हणजे पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणे हा नियम नसून अपवाद आहे. एक वर्ष तयारीचे, पुणे, हैदराबाद किंवा दिल्लीतील शिकवणीचे शुल्क, तेथील खोलीभाडे, मेसचे पैसे ही सारी रक्कम ‘पॅकेज’च्या बाहेर असते. या काळात कमाई शून्य आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू झालेला. बारावीनंतर साडेपाच-सहा वर्षे परदेशात, एक-दोन वर्षे परीक्षेत, एक वर्ष इंटर्नशिपमध्ये. पहिला पगार हाती पडेपर्यंत मुलगा किंवा मुलगी सत्ताविशीत पोहोचते. हिशेबात ही वर्षेही रुपयांत मांडली पाहिजेत.

माध्यमाविषयी विशेष सावधगिरी हवी. पहिली दोन-तीन वर्षे इंग्रजीत आणि पुढे स्थानिक भाषेत असे ‘द्विभाषिक’ अभ्यासक्रम काही ठिकाणी चालतात. ते भारतीय नियमांत बसत नाहीत. आणि रुग्ण तर आपल्याच भाषेत बोलणार. रशियात शिकणाऱ्याला रशियन आलेच पाहिजे, अन्यथा वॉर्डातील शिक्षण वाया जाते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा तेथे भारताचे हजारो वैद्यकीय विद्यार्थी होते. त्यांत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील मुले-मुलीही होती. ‘ऑपरेशन गंगा’द्वारे त्यांना परत आणण्यात आले; जीव वाचले. शिक्षणाचे काय, हा प्रश्न मात्र उरला. या विद्यार्थ्यांना भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्याची कायद्यात तरतूद नाही, अशी भूमिका केंद्राने त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात घेतली. दुसऱ्या देशातील विद्यापीठात शिक्षण पुरे करण्याची मुभा नंतर मिळाली, पण तेथे जायचे म्हणजे पुन्हा प्रवेश, पुन्हा व्हिसा, पुन्हा विमान. तत्पूर्वी करोनाकाळात चीनमध्ये शिकणारे विद्यार्थी २०२० पासून दोन वर्षांहून अधिक काळ घरीच अडकून पडले होते. युद्ध व साथ रोज येत नाहीत. परंतु सहा वर्षांच्या मुदतीत एखादे वर्ष वाया जाऊ शकते, इतकी तजवीज हिशेबात असावी. शुल्क वर्षागणिक भरावे. सहाही वर्षांचे एकदम भरल्यास सवलत देऊ असे कोणी म्हणत असेल, तर ती सवलत न घेतलेली बरी.

सातबारा आणि बँक

आता मुख्य गोष्ट. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेनुसार चार लाखांपर्यंत तारण नाही, चार ते साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार, आणि त्यापुढे स्थावर किंवा तत्सम तारण आवश्यक असते. परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के रक्कम कुटुंबाने स्वतः घालायची असते. परदेशाचा खर्च साडेसात लाखांत बसत नाही, तेव्हा तारणाचा प्रश्न अटळ.

येथे अनेक शेतकरी कुटुंबांची निराशा होते. दहा एकर बागायत, विहीर, गोठा सारे आहे. तरी बँक अधिकारी मान हलवतो. याचे कारण असे की, थकीत कर्जासाठी न्यायालयात न जाता तारण जप्त करण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. पीककर्जासाठी जो सातबारा चालतो, तो पंचवीस लाखांच्या शैक्षणिक कर्जासाठी सहसा चालत नाही. बँकेला हवा असतो अकृषिक प्लॉट, मंजूर नकाशाचे घर, सदनिका किंवा मुदत ठेव. आमच्या शहरांतील कितीतरी प्लॉट गुंठेवारीचे. ते नियमित करून घेतलेले नसतील तर तेही अडतात. घर आजोबांच्या नावावर, वारसांचा फेरफार झालेला नाही, आत्यांची हक्कसोड बाकी, अशी प्रकरणे तर घरोघरी. ही कामे सहा-सहा महिने चालतात आणि विद्यापीठ तोवर थांबत नाही.

मग दोनच वाटा उरतात. एक, वित्तसंस्थांचे बिनतारण कर्ज. निवडक विद्यापीठांसाठी सरकारी बँकाही ते देतात. इतरांसाठी खासगी वित्तसंस्था देतात, परंतु त्यांचा व्याजदर अधिक असतो. दुसरी वाट जमीन विकण्याची. घाईने विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही, हे सांगायला नको. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असल्यास विक्रीला आधी शासकीय परवानगी लागते.

कर्जाचा बोजा प्रत्यक्षात किती, हे एका उदाहरणावरून पाहू. २० लाखांचे कर्ज, व्याजदर १० टक्के, अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्षाची सवलत. सोयीसाठी सारी रक्कम आरंभीच उचलली असे धरू. तीन वर्षांचे सरळ व्याज सहा लाख. ते न भरल्यास मुद्दल २६ लाख होते. पुढे दहा वर्षांची परतफेड धरल्यास दरमहा सुमारे ३४,३६० रुपये हप्ता बसतो आणि एकूण भरणा ४१ लाख २३ हजारांवर जातो. तेच व्याज शिक्षण सुरू असतानाच दरमहा सुमारे १६,६७० रुपयांप्रमाणे भरत गेल्यास पुढील हप्ता २६,४३० वर येतो आणि एकूण सुमारे साडेतीन लाख वाचतात. ज्या घरात दरमहा पगार येतो तेथे हे जमते. ज्या घरात पैसा सोयाबीन विकल्यावरच येतो, तेथे हप्त्याऐवजी हंगामात एकरकमी व्याज भरण्याविषयी शाखेशी आधीच बोलून ठेवावे. या व्याजावर आठ वर्षे प्राप्तिकरात वजावट मिळते, मात्र ती जुन्या करप्रणालीतच.

शिष्यवृत्त्या

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू असून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी तिच्या ७५ जागा आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची, १२५ जागांची; ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे आणि तिला वार्षिक आठ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. मराठा समाजातील विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’मार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना २०२३ मध्ये आली. इतर मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती तर आहेच, शिवाय त्यांच्या वित्त आणि विकास महामंडळाकडून परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावाही मिळू शकतो. अल्पसंख्याकांसाठीची केंद्राची ‘पढो परदेश’ ही व्याज अनुदान योजना मात्र २०२२-२३ पासून बंद झाली. जुन्या माहितीपत्रकांवर ती अजून आढळते.

या शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठी आहेत, विद्यापीठाच्या जागतिक क्रमाची अट घालतात आणि बारावीनंतर एमबीबीएसला जाणाऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत. मंजुरी आणि प्रत्यक्ष रक्कम यांत काळ जातो. पहिल्या दोन-तीन महिन्यांचे पैसे स्वतःजवळ असावेत.

पैसे पाठविताना

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. अशा रकमेवर बँक उगमस्थानी कर गोळा करते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतच्या रकमेवर तो नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठविलेल्या रकमेवर तर तो अजिबात नाही. ही मर्यादा पाठवणाऱ्याप्रमाणे मोजली जाते. त्यामुळे आई व वडील यांनी आपापल्या पॅनवर रक्कम विभागून पाठविल्यास बराच कर टळतो.

हा कर कायमचा जात नाही. विवरणपत्र भरले की परत मिळतो. पण शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत. शहरहद्दीपासून ठराविक अंतरापलीकडील शेतजमिनीच्या विक्रीवरही भांडवली नफ्याचा कर लागत नाही, तेव्हा ‘आपला इन्कम टॅक्सशी संबंध नाही’ अशी समजूत असते. जमीन विकून शुल्क पाठविणाऱ्या अशा पालकाचे हजारो रुपये सरकारजमा पडून राहतात. त्याने त्या वर्षीचे विवरणपत्र अवश्य भरावे, बँकेकडून कर गोळा केल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि जमीन विक्रीचे खरेदीखत त्यासोबत जपून ठेवावे. व्हिसा अधिकारी पैशाचा स्रोत विचारतात तेव्हाही हेच खरेदीखत दाखवावे लागते.